अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी

संविधानाच्या उद्देशिकेत हिंदीत 'व्यक्ति की गरिमा' असं म्हटलंय आणि मराठीत 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. मुलीचं पाठांतर घेताना हा फरक लक्षात आला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. तिनं विचारलं, "आई, प्रतिष्ठा म्हणजे प्रतिष्ठित लोकांची असते तीच ना?" मला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही.

कारण मराठीत आपण 'प्रतिष्ठित' कुणाला म्हणतो? 'कार्यक्रमाला गावातील प्रतिष्ठित नागरिक उपस्थित होते' हे वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलोय. त्यात सरपंच असतात, डॉक्टर असतात, संस्थाचालक असतात. खुर्च्या मांडणारा आणि सतरंज्या झटकणारा त्यात कधीच नसतो. निवडणूक 'प्रतिष्ठेची' होते, एखादी जागा 'प्रतिष्ठेचा प्रश्न' बनते. देवाच्या मूर्तीचीसुद्धा प्रतिष्ठापना करावी लागते, आणि ती दुसऱ्या कुणीतरी करायची असते. संविधान मात्र सांगतंय की ती प्रत्येकाची आहे. शब्द तोच, पण आपल्या वापरात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झालाय.

बाकीचे शब्दही तपासून पाहिले. 'मान' घ्या. मानपान, मानकरी, मानाचं पान, पोळ्याला मानाचा बैल. जिथे मान आहे तिथे क्रम आहे. पहिला मान एकाला मिळाला की दुसऱ्याला दुसरा मिळणार, आणि शेवटी उभा असतो त्याला काहीच नाही. लग्नात विहिणीचा मान राखायचा म्हणजे मुलीच्या आईनं वाकायचं. हा मान वाटून घ्यायचा असतो, म्हणून तो सगळ्यांना पुरत नाही. 'इज्जत' आणि 'लौकिक' हे शब्दही लोकांच्या तोंडावरच जगतात.

'अब्रू'पाशी मात्र मी जास्त वेळ थांबले. हा फारसीतून आलेला शब्द. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. मोत्याला पाणी असतं, तलवारीला पाणी असतं, तसं माणसाच्या तोंडावरचं पाणी. 'आब राखून वाग' म्हणतो त्यातला आब हाच. आणि कुणाला चारचौघांत घालूनपाडून बोललं की त्याचा 'पाणउतारा' होतो, तिथेही पाणीच उतरतं. किती सुंदर कल्पना आहे! आणि या सुंदर शब्दाचं आपण काय केलं? 'तिची अब्रू लुटली' असं वर्षानुवर्षं बातम्यांत छापलं. गुन्हा करणाऱ्याचं काही गेलं नाही, जे गेलं ते तिचंच, असं हे वाक्य सांगतं. वर ते परत मिळत नाही हेही सांगतं. हे वाक्य वापरणारे सगळे वाईट नव्हते, त्यांना दुसरं वाक्य ठाऊक नव्हतं इतकंच. पण त्या वाक्यानं किती मुलींना आयुष्यभर गप्प बसवलं असेल. उलट मोठ्या माणसाची अब्रू गेली की तो अब्रुनुकसानीचा दावा लावतो, आणि त्याच्या अब्रूची किंमत रुपयांत ठरते.

पाण्यावरून माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी आई चार घरी पोळ्या करायची. त्यातल्या एका घरच्या काकू खरोखर प्रेमळ होत्या. दिवाळीला आईला नवी साडी द्यायच्या, जुनी नाही. माझी सहावीची पुस्तकं त्यांनी घेऊन दिली. आई अजूनही म्हणते, "त्या बाईत फार माणुसकी होती." त्या घरात आईचा पाण्याचा पेला वेगळा होता. स्टीलचा, गॅलरीच्या खिडकीत पालथा घातलेला. एकदा सुट्टीत मी आईबरोबर गेले होते. तहान लागली म्हणून ओट्याशेजारच्या मांडणीवरचा पेला घेतला आणि माठातलं पाणी प्यायले. काकू काहीच बोलल्या नाहीत, हसल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी खिडकीत दोन पेले पालथे होते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. कुणी रागावलं नाही, कुणी शिवी दिली नाही, पण तो दुसरा पेला मी आजही विसरलेले नाही. त्या काकूंमध्ये माणुसकी होती की नव्हती, याचं उत्तर मला तीस वर्षं देता आलं नव्हतं. ते मला महाडच्या इतिहासात सापडलं.

जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली. मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला १९२३ मध्ये. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. ठराव कागदावर होता, पण ओंजळभर पाणी घ्यायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तळ्याच्या पाण्यावरून झालेल्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. पण तळ्यावर गेले त्याच वर्षी, महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की हे पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही, तळ्यावर जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला. हे बोलणं झालं १९२७ च्या डिसेंबरात, निकालाच्या नऊ वर्षांहून जास्त आधी.

त्या चळवळीच्या भाषेत यासाठी शब्द होता माणुसकी. माणुसकीचे हक्क, माणुसकीची लढाई. तिथे माणुसकी म्हणजे दया नव्हती, माणूस असणं होतं. ती कुणी कुणावर दाखवायची नव्हती, ती आपली म्हणून मागायची होती. आज आपण 'माणुसकी दाखवली' म्हणतो तेव्हा देणारा वर असतो आणि घेणारा खाली. रस्त्याकडेला 'माणुसकीची भिंत' असते, तिच्यावर जुने कपडे टांगलेले असतात. थंडीत ते कुणाच्या अंगावर येतात, त्या भिंतींबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती शब्दाचा अर्धा भाग आपण हरवला याची. काकूंकडे आजच्या अर्थाची माणुसकी भरपूर होती. आईची माणुसकी मात्र त्या घरात खिडकीत पालथी घातलेली होती.

म्हणून मुलीला मी सांगितलं की उद्देशिकेत प्रतिष्ठा लिहिलंय तेच पाठ कर, परीक्षेत तेच लिही. पण अर्थ विचारला तर माणुसकी सांग, आणि दया असा अर्थ कुणी लावला तर त्यांना चवदार तळ्याची गोष्ट सांग.

आई आता माझ्याकडेच असते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा आणि आईचा दुपारचा चहा एकाच टेबलावर होतो, एकाच सेटमधल्या कपांतून. पण पाण्यासाठी आईनं एक स्टीलचा पेला स्वतःच बाजूला काढलाय. पाणी पिऊन झालं की ती तो धुते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घालते. मी दोन-तीनदा उचलून मांडणीवर ठेवला. संध्याकाळी तो परत खिडकीतच असतो.