ते शिपाई भाडोत्री नव्हते

मे महिना उजाडला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो आमच्या शेजारच्या आजींपर्यंत पोहोचला. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेले होते. "म्हणजे आमचे बाबा भाडोत्री होते का रे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा गप्प बसणे मला अशक्य झाले.

मजकुराचे म्हणणे असे: २०२० साली मॉस्कोत, जर्मनीवरच्या विजयाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विजय संचलनात भारतीय तुकडी चालली, हा देशाचा अपमान आहे, सोव्हिएत विजयाशी भारताचा काडीचाही संबंध नव्हता, त्या युद्धातले भारतीय इंग्रजांचे भाडोत्री शिपाई होते, १९४५ पासून दर ९ मे रोजी होणारे संचलन पुतिन यांनी त्या वर्षी मनमानी करून जूनमध्ये ढकलले, आणि या शिपायांचा गौरव म्हणजे नेताजींचा अवमान.

तारखेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पहिले संचलन २४ जून १९४५ रोजी भर पावसात झाले. सोव्हिएत सेनानी मार्शल झुकोव्ह यांनी पांढऱ्या घोड्यावरून पाहणी केली आणि जर्मन सैन्याची निशाणे लेनिनच्या समाधीच्या पायथ्याशी फेकण्यात आली. पुढचे विजय संचलन थेट १९६५ साली झाले आणि ते दर वर्षी होऊ लागले १९९५ पासून. करोनामुळे लांबलेला २०२० चा सोहळा ७५ वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेला झाला.

आता 'काडीचाही संबंध नव्हता' याविषयी. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेले निवेदन कोणालाही वाचता येते. या युद्धात ८७ हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले, असे त्यात नमूद आहे. इराणमार्गे सोव्हिएत संघाला शस्त्रे, दारूगोळा आणि धान्य पोहोचवण्याच्या कामात भारतीय सैन्य होते. मित्रराष्ट्रांनी सोव्हिएत संघाला पाठवलेल्या मदतीचा सुमारे पाव हिस्सा याच वाटेने गेला. या कामगिरीबद्दल २३ मे १९४४ च्या सोव्हिएत हुकुमाने सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंह चंद यांना 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' हा सन्मान देण्यात आला. सोव्हिएत सत्तेने ऐन युद्धात मान्य केलेले ऋण आपणच नाकारावे, हे मला समजत नाही.

सर्वांत संतापजनक आहे तो 'भाडोत्री' हा आरोप. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले, एकाला गोळी घातली आणि गोळ्या पुन्हा भरायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठार केले. त्यानंतर ते स्वतः शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय अवघे २२. रायगड जिल्ह्यातल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीही तोच सन्मान मिळवला. पगारासाठी माणूस भरती होतो हे खरे, पण पगारासाठी कोणी असा एकटा मशीनगनवर चालून जात नाही.

एक गोष्ट मान्य करावीच लागते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी १९३९ मध्ये भारताला युद्धात ओढले ते इथल्या कोणालाही न विचारता, आणि अनेक घरांतली मुले गरिबीमुळे भरती झाली. पण तो दोष साम्राज्याचा आहे, पलटणीतल्या शिपायाचा नाही.

नेताजींचे नाव पुढे करणाऱ्यांनी आझाद हिंद फौज कोणातून उभी राहिली, हे आधी वाचावे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेले ब्रिटिश हिंदी सैन्यातले हजारो जवान हा त्या फौजेचा कणा होता. मजकूर ज्यांना भाडोत्री म्हणतो, त्याच सैन्यातले हे जवान होते.