बालायाज, कलप आणि माटोळीची सुपारी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गेल्या वर्षापर्यंत दर तिसऱ्या-चौथ्या रविवारी पेन्सिलीने 'क' लिहिलेला असायचा. सिलिंडर लावला त्या दिवशी 'सि', दूध आलं नाही त्या दिवशी फुली, आणि माझा हा 'क'. क म्हणजे कलप.

कानशिलांवरचे केस माझे पस्तिशीतच पिकायला लागले. आता एक्केचाळीस चालू आहे. केस महिन्याला सेंटीमीटरभर, फार तर थोडा जास्त वाढतो. म्हणजे कलप लावून तीन आठवडे झाले की भांगात पांढरी रेघ दिसायलाच लागते. मग रविवारी जुना गाऊन चढवायचा, कानांच्या पाळ्यांना व्हॅसलीन चोपडायचं, प्लास्टिकच्या वाटीत कालवायचं आणि नवऱ्याला हाक मारायची, "मागचं जरा बघ रे, कुठे राहिलंय का?" त्याने मॅचवरची नजर न काढता "झालंय, झालंय" म्हणायचं, आणि सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाईने सांगायचं की राहिलंय.

दर वेळी दोन तास, वर्षाला तेरा वेळा. सव्वीस तास मी डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून न्हाणीघराच्या दारात काढत होते. शेवटी शेवटी टाळूला खाज सुटायला लागली, ती वेगळीच.

यंदाच्या कालनिर्णयवर 'क' नाही. त्याऐवजी वर्षात फक्त दोन ठिकाणी 'बा' आहे. बा म्हणजे बालायाज, टोकांकडे फिकट होत जाणारा केसांचा रंग. केस बघून बसमधल्या, शेजारच्या, नवऱ्याच्या नात्यातल्या मिळून आठ-दहा जणींनी विचारलं, "खरंच काही करावं लागत नाही का गो?" प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहिते. बालायाजवर सगळे 'लो मेंटेनन्स', म्हणजे फारशी निगा न लागणारं, असं लेबल लावतात. ते खोटं नाही. पण त्या लेबलाखाली बारीक अक्षरांत अटी असतात आणि त्या कुठल्याच सलूनच्या काचेवर लिहिलेल्या नसतात.

शब्द फ्रेंच आहे. बालाये म्हणजे झाडणं, केर काढणं. १९७० च्या दशकात पॅरिसच्या कारिटा सलूनमधून ही पद्धत पुढे आली असं मानतात. फॉइलमध्ये केस गुंडाळून मुळापासून रंग उडवायचा, ही झाली हायलाइट्सची जुनी रीत. त्यात केस वाढले की सरळ रेघ पडते, कलपासारखीच. बालायाजमध्ये ब्रश हातानेच बटेवरून वरून खाली फिरवतात, वर अगदी पुसट आणि टोकाकडे भरपूर. अंगणात खराटा फिरवताना हात जसा सुटा जातो ना, तसा. मुळं आपली आपल्याच रंगाची राहतात, त्यामुळे केस वाढले तरी रेघ पडत नाही. औषध टाळूला लागत नाही हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला. आमच्या सासूबाई त्याला 'बाळाजी' म्हणतात. "तुझा बाळाजी कधी आहे पुन्हा?" असं त्या पाहुण्यांसमोर विचारतात आणि पाहुणे गंभीर होतात.

आता आधी फजिती सांगते. पहिल्यांदा केलं ते दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या चवथीच्या बरोबर दहा दिवस आधी. मोबाइलवर एक फोटो घेऊन गेले होते: राखाडी-सोनेरी केसांची बाई, मागे बर्फ. बर्फ बघूनच मला कळायला हवं होतं. सलूनचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझीच.

मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या खात्यात आहे. दिवसभर बाटल्यांवरची लेबलं वाचते. बॅच नंबर, एक्सपायरी, टक्केवारी. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उघडायची तर आधी हातमोजे, चष्मा, मग रजिस्टरमध्ये सही. आणि सलूनमध्ये माझ्यापासून हातभर अंतरावर वाटीत रंग उडवायची निळी पावडर पेरॉक्साइडमध्ये कालवली जात होती, तर ते सहा टक्के आहे की नऊ की बारा, एवढंही मी विचारलं नाही. "मॅडम, कॉफी?" म्हणाले. मी कॉफी घेतली.

त्यांनीही मला विचारलं नाही की केसांवर आधी काय काय लागलंय. लागलं होतं सगळंच. चार वर्षांचा काळा कलप, आणि टोकांकडे त्याच्याही आधीची मेंदी. आपल्या काळ्या केसातला रंग तुटायला लागला की तो एकदम सोनेरी होत नाही. आधी तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा, असे एकेक मुक्काम घेत जातो. काळं रंगद्रव्य लवकर हार मानतं, तांबूस शेवटपर्यंत चिकटून राहतं. वरून कलप लावलेला असेल तर बाहेरून भरलेला तो रंगही उपसायचा असतो. माझी गाडी नारिंगीवर बंद पडली. त्यावर राखाडी टोनर मारून मला घरी पाठवलं. निघताना छान दिसत होतं, हे कबूल. पण टोनर म्हणजे वरून दिलेला रंगाचा हात, तो धुतला जाणारच. चांगल्या केसांवरही दीड-दोन महिने टिकला तर नशीब, माझ्या करपलेल्या टोकांवरून तो चार न्हाण्यांत उतरला.

चवथीला माटोळी बांधली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. तवशी, आंबाडे, चिबूड, कांगलां, आणि मधोमध पिकल्या सुपारीचा भला मोठा घड. मी आरतीचं ताट घेऊन खाली उभी राहिले. नणंद माझ्याकडे बघते, वर बघते, पुन्हा माझ्याकडे बघते. म्हणाली, "वहिनी, माटोळीखालून जरा बाजूला हो गो. चुकून तुलाच बांधतील." तंतोतंत तोच रंग. त्या वर्षीचे सगळे फोटो मी फोनमधून काढून टाकले, तिने टाकलेले नाहीत.

मग काय, पुन्हा काळा कलप, पुन्हा 'क'.

दुसऱ्यांदा गेले ती फोंड्यातच, वरच्या बाजारात. दोन खुर्च्यांचं पार्लर, भिंतीवर बर्फातली बाई नाही. मुलगी सावंतवाडीकडची, पंचविशीची असेल. फोटो दाखवायच्या आधीच तिने भांग पाडून पाडून केस बघितले आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा, मेंदी कुठली होती? पुडीवर काय लिहिलेलं?"

पुडीवर काय लिहिलेलं! मला वाटलं, चला, आपल्या जातीचं माणूस भेटलं.

तिने सांगितलं ते असं. नुसत्या मेंदीच्या पानाचा रंग केसातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तो सहजी निघत नाही, कापूनच जातो. पण बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात कधी कधी धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतात, तुटतातसुद्धा. म्हणून आधी बट तपासायची. तिने मानेजवळची काडीएवढी बट कापली, वाटीत औषधात बुडवली आणि आम्ही दोघी खुर्च्या ओढून अर्धा तास त्या वाटीकडे बघत बसलो. मध्ये दोनदा बोटाने औषध पुसून तिने रंग बघितला. काळा गेला, तपकिरी आला, तपकिरीत तांबूस झाक आली. तिथे तिने बट बाहेर काढली, धुतली आणि दोन बोटांत धरून ताणून दाखवली. ताणली, सोडली, परत जागेवर आली. "एवढंच ताई. याच्या वर नेलं तर च्युइंगगमसारखी लांबेल आणि तुटेल." मग टोनरचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवसांनी या म्हणाली. ४८ तास वाट बघायला सांगणारं पार्लर मी पहिल्यांदाच बघितलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: शेड फोटोवरून ठरवू नका. तुमचा केस जिथे सुखाने थांबतो, ती तुमची शेड. रंगवाले १ ते १० अशी पायरी मोजतात, १ म्हणजे काळाभोर. आपण बहुतेक जणी दोन-तीनवर असतो. तिथून पाच-सहापर्यंत गेलं की येतो माडाच्या गुळाचा रंग. गुळाचा खडा उन्हात धरला की कडेला जसा दिसतो, तसा. टोनर उतरला तरी केस त्याच रंगाकडे उतरतो, म्हणून बिघडल्यासारखा दिसत नाही. राखाडी-सोनेरी हवा असेल तर नऊपर्यंत चढावं लागतं, आणि तिथे टिकून राहायला महिन्या-दीड महिन्याने टोनर. हे लो मेंटेनन्स असेल तर मग पोर्तुगीज काळातलं घर पावसाळ्यात सांभाळणंही लो मेंटेनन्सच.

माझे दोन बैठकींत केले, मध्ये दोन महिने सोडून. चार बोटं टोकं कापली, कानाच्या खालून रंग सुरू केला, चेहऱ्याजवळ दोनच बटा थोड्या वरून. दोन्हींचे मिळून साडेसात हजार आणि सात तास गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी एकदा अडीच तास. पुडीच्या कलपापेक्षा महाग आहेच, उगाच स्वस्त म्हणून कोणी जाऊ नका.

आता आपल्या गोव्याच्या खास भानगडी. विहिरीचं पाणी. आमच्याकडे बादलीच्या आत जो तांबूस थर बसतो तो लोहाचा, आणि रंग उडवलेला केस सच्छिद्र झालेला असल्यामुळे तो हे पाणी स्पंजासारखा पितो. दोन महिन्यांत टोकं गंजलेल्या तारेसारखी दिसायला लागतात. मी आता शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घेते आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरते. समुद्रावर किंवा स्विमिंग पूलमध्ये जायच्या आधी केस साध्या पाण्याने चिंब करून घ्यायचे, म्हणजे खारं पाणी कमी शिरतं. पूलच्या पाण्यात तांबं असेल तर फिकट केसांवर हिरवी झाक येते, मुलांना घेऊन पोहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जांभळा शाम्पू सगळ्याच घेतात, कारण रीलमध्ये दाखवतात. जांभळा पिवळेपणा मारतो. आपला त्रास नारिंगीचा असतो, त्याला निळा लागतो. गुळाच्या रंगाला तर बहुतेक दोन्ही नको.

आणि खोबरेल. इथे सासूबाई जिंकल्या. त्या आधीपासून म्हणत होत्या, "त्या बाळाजीच्या आधी आणि नंतर तेल लाव." खोबरेल खरोखरच केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. न्हायच्या आधी तासभर टोकांना चोळायचं. नंतर थापायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात केस दोन दिवस वाळत नाहीत आणि हेल्मेटला ओल्या गोणपाटासारखा वास येतो.

बोरीच्या पुलावर सकाळी बसच्या खिडकीतून वारा येतो तेव्हा केस मोकळे असतात. तेवढंच. कंपनीत पोचल्यावर दिवसभर लॅबची पांढरी टोपी. एक सहकारी म्हणाला, "मग टोपीखाली रंग बघतो कोण?" म्हटलं, संध्याकाळी टोपी काढल्यावर आरशात मी बघते की. आणि म्हार्दोळच्या देवळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पुजेला गेले तेव्हा अंबाड्यावर त्यांची फाती, म्हणजे गजरा, माळली होती. गुळाच्या रंगावर जाया काय उठून दिसतात, ते मात्र टोपीवाल्याला समजायचं नाही.

शेवटचं, आणि हे कोणीच सांगत नाही: बालायाजने पिकलेले केस लपत नाहीत. ते मुळाशी असतात, बालायाज टोकाशी. माझे फक्त कानशिलांवर आणि भांगाच्या पुढच्या दोन बोटांत पांढरे आहेत, म्हणून त्या मुलीने तिथे अगदी दोऱ्याएवढ्या बारीक बटा फिकट करून दिल्या. त्यांच्यात पांढरा केस मिसळून जातो, तोही मुद्दाम केलेला वाटतो. अर्धं डोकं पांढरं असेल तर हे चालत नाही. मग मुळांना आधी गडद रंग द्यावा लागतो, आणि मुळांना रंग दिला की परत तोच तीन आठवड्यांचा 'क'.

हेच मी परवा बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाईला सांगितलं. तीच, सोमवारी 'राहिलंय' म्हणून सांगणारी. तिचे निम्म्याहून जास्त पिकलेत, बट तपासायची तारीखही मनात ठरवून आली होती, पार्लरवाल्या मुलीचा नंबर मागत होती. म्हटलं, "तू नको करू गो, पैसे फुकट जातील. करायचंच तर कलप सोडून दे आणि पांढरेच वाढव." तेव्हापासून ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतेय.