'बोट' घेऊ नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात आमच्या न्यू जर्सीतल्या तीन मराठी ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. अमेरिकेत नव्याने आलेल्यांना सल्ला असा की जुनी मोठी अमेरिकन सेडान, म्हणजे फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस किंवा लिंकन टाउन कार, कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. कारणं अशी: गॅलनला आठ-दहा मैल देते, लाख मैलांनंतर भंगार, पार्ट मिळत नाहीत, वळत नाही, पार्किंगमध्ये मावत नाही, बर्फात बिनकामाची आणि मागून ठोकलं की पेट घेते. शेवटी एक ओळ कौतुकाची: 'सेफ्टीला मात्र तोड नाही, अक्षरशः रणगाडा. मुलांना गाडी शिकवायला उत्तम.'

मी आठ वर्षं २००९ ची ग्रँड मार्क्विस चालवतोय. ग्रुपमध्ये तिचं नाव 'बोट'. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी निदान दोघं याच बोटीतून सहकुटुंब नेवार्क विमानतळावर गेलेत, डिकीत चार मोठ्या बॅगा आणि वर लोणच्याचा खोका टाकून. तेव्हा कुणाची काही तक्रार ऐकू आली नाही.

मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठली गाडी आहे, ते मला दिसतं. आपल्या लोकांच्या डोक्यात अमेरिकन गाडी म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातल्या शेठजींची लांबलचक इम्पाला. तशा गाड्या होत्या खऱ्या. १९७६ ची कॅडिलॅक सेडान डव्हिल २३० इंच लांब होती आणि तिचं इंजिन ८.२ लिटरचं होतं. पण १९७३ च्या तेलटंचाईने या कंपन्यांना घाम फोडला. जनरल मोटर्सने १९७७ साली आपल्या मोठ्या गाड्या कापून-छाटून लहान केल्या, फोर्डने १९७९ साली. फोर्डने तेव्हा जो सांगाडा आणला, त्याचं नाव पँथर. मेसेजमधल्या तिन्ही गाड्या त्याच सांगाड्यावरच्या, आणि हा सांगाडा २०११ पर्यंत चालला. म्हणजे ज्या गाडीला आपण अजस्र म्हणतोय, ती मुळात डाएट करून आलेली आहे.

आता 'किती देते?' हा आपला लाडका प्रश्न. २००९ च्या मॉडेलचे सरकारी आकडे गॅलनला शहरात १६ मैल, हायवेला २४, सरासरी १९. आपल्या भाषेत लिटरला आठ किलोमीटर. इंजिन व्ही-८ असलं तरी ४.६ लिटरचं आहे आणि साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल पितं. त्याच काळातली चार सिलिंडरची टोयोटा कॅमरी सरासरी २५ देते, हे मान्य. वर्षाला आठ हजार मैल धरले तर फरक पडतो शंभर गॅलनचा. तेवढा खर्च मी करतो, लपवत नाही. पण मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकाकडे २००९ चीच फोर व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आहे. तिचे आकडे शहरात १६, हायवेला २२. तिला कुणी 'पेट्रोल पिणारी' म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण ती उंच आहे आणि 'फॅमिली कार' आहे.

'लाख मैलांनंतर भंगार' हे वाक्य ज्याने लिहिलं, तो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत बसलाच नसावा. कितीतरी वर्षं तिथली पिवळी टॅक्सी म्हणजे क्राउन व्हिक्टोरियाच होती. त्या टॅक्सी खड्ड्यांतून, पाळीपाळीने दिवसरात्र चालायच्या आणि त्यांतल्या कित्येकींनी तीन लाख मैलांचा आकडा पार केला. कारण तसं साधं आहे. वेगळी चॅसी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, मागे सरळ एक अ‍ॅक्सल, आणि मोठ्या इंजिनावर फारसा ताण नाही. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे अमुक मैलांना बेल्ट बदला हा खर्चच नाही. पार्टचं म्हणाल तर हेच इंजिन मस्टँगमध्ये होतं, एफ-१५० ट्रकमध्ये होतं, आणि ही गाडी देशभरच्या पोलिसांकडे आणि टॅक्सीवाल्यांकडे होती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हिचे ब्रेक पॅड मागितले की काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरकडे न बघताच आत जातो.

फसायचं कुठे, ते मेसेजमध्ये नाही, म्हणून मीच लिहितो. १९९६ ते २००१ च्या बऱ्याच गाड्यांमध्ये इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, पूर्ण प्लास्टिकचं होतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जाण्याची वाट जिथे पुढून आडवी जाते, तिथे ते तडकायचं. त्यावर अमेरिकेत ग्राहकांचा सामूहिक दावाही झाला. पुढे तो आडवा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आला. बघायला गेलात तर बॉनेट उघडा, अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याच्या) खाली वाका आणि तो भाग काळा आहे की चंदेरी तेवढं पाहा. मग गाडी लिफ्टवर चढवून घ्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चॅसी आणि ब्रेकच्या नळ्या खातं. वरून चकचकीत आणि खालून चाळण, अशी गाडी मी एका म्हाताऱ्या आजोबांकडे पाहिली होती. फक्त रविवारी चर्चला नेत होतो म्हणाले. खरंच नेत असतील, पण मिठातून. आणि हो, मर्क्युरी हा ब्रँडच बंद झालाय. त्यामुळे इंजिनाचं सगळं मिळतं, पण मागच्या दिव्याची काच किंवा दाराची पट्टी हवी असेल तर भंगारवाड्यात हिंडायची तयारी ठेवा. मेसेजमधल्या 'पार्ट मिळत नाहीत'ला इतपत आधार आहे.

मापाचं भांडण टेपने सोडवू. लांबी २१२ इंच, म्हणजे १७ फूट ८ इंच. इथल्या पार्किंगची पट्टेदार जागा बहुधा १८ फुटांची असते. चार इंच उरतात. चार पूर्ण दारांची आजची एफ-१५० जवळपास २३२ इंच आहे आणि ती प्रत्येक इंडियन ग्रोसरीच्या दारात उभी असते. बोट वळायला साधारण ४० फुटांचं वर्तुळ घेते, मोठ्या एसयूव्हीच्या आसपास. २००३ पासून स्टिअरिंगही बदललं, त्याआधीच्या गाडीत चाक फिरवल्यावर गाडीला निरोप पोचायला वेळ लागायचा. जर्सी सिटीत रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मध्ये घुसवायची असेल तर मात्र हात जोडावेत. तिथे राहत असाल तर मेसेजचं ऐका. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात घरच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला बंपर टेकवला. तेव्हापासून छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगलाय. तो समोरच्या काचेला लागला की थांबायचं. बायको त्याला झुंबर म्हणते.

तीन वर्षांपूर्वी आईबाबा आले होते. पुढे एकसंध सोफ्यासारखी सीट, मध्ये गियर नाही. आई बसली आणि म्हणाली, "अरे, गियर काढून टाकलाय का?" बाबांनी स्टिअरिंगमागचा दांडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तर आपल्या पद्मिनीसारखं!" मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कुणालाही तो दांडा ओळखीचा. आईचे गुडघे एसयूव्हीच्या पायरीवर कुरकुरतात. इथे रुंद दार, आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. मेसेजमध्ये या मुद्द्याला जागा नाही, कारण त्याला कुठल्या तक्त्यात आकडा नाही.

बर्फ. ही गाडी मागच्या चाकांवर चालते, डिकी रिकामी असते, आणि ऑल-सीझन टायरवर चढाच्या ड्राइव्हवेवर ती लाज आणते. नाकारत नाही. पण 'बिनकामाची' कशी? ही गाडी बनायची कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या सेंट थॉमस इथे, आणि तिथल्याच पोलिसांनी ती वर्षानुवर्षं बर्फातून पळवली. चारही स्नो टायर लावा आणि वाळूच्या दोन पिशव्या डिकीत टाका. पण डिकीतल्या खोल खड्ड्यात टाकू नका, तो अ‍ॅक्सलच्या मागे येतो. वरच्या ओट्यावर, मागच्या सीटला टेकवून ठेवा. अडकलातच तर वाळू चाकाखाली टाकायलाही होते. हे करायचा कंटाळा असेल तर फोर व्हील ड्राइव्ह घ्या, त्यात कमीपणा नाही.

आगीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात माणसं गेली आहेत. हिची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, डिकीच्या पुढे आहे. पोलिसांच्या गाड्या हायवेच्या कडेला उभ्या असताना मागून भरधाव आलेल्या गाड्या त्यांच्यावर आदळल्या, टाकी फुटली, आग लागली. रस्ता-सुरक्षेची सरकारी संस्था एनएचटीएसएने चौकशी करून २००२ साली ती बंद केली. गाडी तेव्हाच्या नियमात बसत होती. तरी त्याच वर्षी फोर्डने पोलिसांच्या गाड्यांसाठी टाकीभोवती लावायच्या ढाली दिल्या, आणि पुढे आग विझवणारी यंत्रणाही. तेव्हा 'ठोकलं की पेट घेते' ही अतिशयोक्ती आहे, पण निराधार नाही. सिग्नलला हळू धक्का बसणं वेगळं आणि सत्तरच्या वेगाने ट्रक येऊन बसणं वेगळं. मी डिकीत जॅक, पाना, धडकेत टाकीत घुसेल असं लोखंडी काहीही मोकळं ठेवत नाही, आणि हायवेच्या कडेला गाडीत बसून राहत नाही. दुसरा नियम कुठल्याही गाडीला लागू आहे.

राहिलं कौतुक, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच आहे. 'जाड पत्रा, म्हणून सेफ' हा समज किती पोकळ आहे ते २००९ साली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने दाखवून दिलं. त्यांनी १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मॅलिबू, दोन्ही ताशी ४० मैलांनी एकमेकींवर समोरून, थोड्या बाजूने आदळल्या. बेल एअरचा पत्रा जाड, पण ड्रायव्हरची जागाच चेपली, स्टिअरिंग वर-मागे आलं. आतला माणूस वाचला नसता. मॅलिबूवाला पायाच्या दुखापतीवर निभावला असता. माझी बोट बेल एअर नाही. समोरून धडकण्याच्या सरकारी चाचणीत हिला पाच तारे आहेत. पण घसरताना एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून गाडी सरळ ठेवणारी ईएससी या गाडीत कधी आलीच नाही. खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या एअरबॅगही नाहीत. सप्टेंबर २०११ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ईएससी सक्तीची झाली, आणि १५ सप्टेंबर २०११ ला सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली.

वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला ओल्या रस्त्यावर मागची बाजू निसटू लागली की हात-पाय काय करायचं ते कळतं. सतरा वर्षांच्या पोरीला कसं कळणार? आमची येत्या उन्हाळ्यात लायसन्स घेईल. तिच्यासाठी ईएससीवाली जुनी कोरोला बघून ठेवली आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये; तिला बोट हवी होती.