डिमर लावला की बिल अर्धं? जरा हिशोब करू

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मला मेव्हण्याने पाठवला, वर 'दाजी, तुमचं चुकलंच बघा' असं लिहून, कारण मी मागे घरात बऱ्याच ठिकाणी स्मार्ट स्विच, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारे खटके, लावले होते आणि डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्तही करणारे, फक्त दोन. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळंच महाग होत चाललंय तर स्मार्ट स्विच घेणं म्हणजे पैसे वाया, घ्यायचा तर डिमरच घ्या, कारण डिमरने वीज अर्धी लागते, बल्ब दुप्पट टिकतो, फुल केला की तो स्विचच असतो त्यामुळे कुठेही चालतो अगदी पंख्यालासुद्धा, आणि भाव अजून वाढायच्या आत घरभर एकदमच लावून टाका. मी चुकलो असेन तर मान्य करायला काही नाही, पण एकेक बघू.

आधी वीज अर्धी. ९ वॅटचा एलईडी रोज ४ तास पूर्ण उजेडात लावला तर वर्षाला साधारण १३ युनिट जातात. डिमरने अर्ध्यावर आणला, समजा बरोब्बर अर्धी वीज लागली, तर वाचले साडेसहा युनिट. महिन्याचे नाही हं, वर्षाचे. आता तो स्मार्ट डिमर स्वतः काय खातो ते बघा. दिवा बंद असला तरी त्याच्या आतली चिप आणि रेडिओ चोवीस तास जागेच असतात, फोनवरून हुकूम कधी येईल ते ऐकत. त्याला अर्धा ते एक वॅट सहज लागतो. अर्धा वॅट म्हणजे वर्षाला सव्वाचार युनिटच्या वर, एक वॅट म्हणजे पावणेनऊ. म्हणजे एका बल्बसाठी डिमर लावला तर वाचवलेलं बरंचसं तोच खाऊन टाकतो, वर उजेडही कमी मिळतो. स्मार्ट स्विचही बसल्या जागी तेवढंच खातो हे खरं आहे, ते लपवायचं नाही मला. या बाबतीत दोघांपेक्षा साधा खटका भारी, तो शून्य खातो.

मग हे 'अर्धी वीज' आलं कुठून? जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातून. घरगुती इलेक्ट्रॉनिक डिमर जोएल स्पायरा या अमेरिकन माणसाने १९५९ च्या सुमारास बनवला, तेव्हा घरोघरी तारेचे बल्ब होते. ६० वॅटचा बल्ब रोज ४ तास म्हणजे वर्षाला ८७ युनिट, त्यातले वीस-पंचवीस वाचले तरी जाणवायचे. गंमत म्हणजे तेव्हाही अर्धा उजेड म्हणजे अर्धी वीज नव्हतीच, तार थंड झाली की उजेड झपकन पडतो पण वीज तेवढी पडत नाही, अर्ध्या उजेडाला जवळजवळ पाऊण वीज लागायची.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगतो. एकाच खटक्यावर छतातले आठ स्पॉट असतील, प्रत्येकी ९ वॅट, तर ते झाले ७२ वॅट, रोज ४ तास धरले तर वर्षाला १०५ युनिट. तिथे खरोखर रोज अर्ध्यावर ठेवत असाल तर पन्नासेक युनिट वाचतात आणि डिमरचा स्वतःचा खर्च त्यापुढे किरकोळ. पण असे बोर्ड घरात असतात किती, एक किंवा दोन.

दुसरं, बल्ब दुप्पट टिकतो. हेही तारेच्या बल्बला लागू, त्याला व्होल्टेज ५ टक्के कमी दिलं तरी आयुष्य जवळपास दुप्पट व्हायचं. एलईडीत तार नाही, बहुतेकदा आतला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, मरतो, तो मरतो मुख्यतः गरमीने. डिमेबल, म्हणजे डिमरवर चालेल असा बनवलेला, बल्ब मंद चालवला तर गरमी कमी होते, तेवढा फायदा आहे. पण खोक्यावर १५,००० तास लिहिलेला बल्ब रोज ४ तास लावला तर तसाही दहा वर्षांचा हिशोब होतो, त्याची वीस वर्षं करून कोणाला दाखवायची? आणि बल्ब डिमेबल नसेल तर सगळं उलटंच होतं.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. हॉलमध्ये चार बल्बचा एक पॉइंट होता, बल्ब चांगले चालू होते म्हणून ते तसेच ठेवून नुसता डिमर बसवून घेतला. फुलवर सगळं छान. रात्री तीस टक्क्यांवर आणला तर दोन बल्ब गुणगुणायला लागले, कानाशी डास फिरतो ना तसं, एक मधूनच फडफडायचा आणि चौथा वीसच्या खाली गेलं की विझायचा, बाकी तिघे चालू. फोनचा कॅमेरा धरला तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले. वायरमन आला, त्याने एक बल्ब काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, 'नॉट फॉर डिमर'. आधी वाचायला काय झालं होतं मला, पण नाही वाचली. चारही बल्ब बदलावे लागले, म्हणजे डिमरची खरी किंमत डिमर अधिक चार नवीन बल्ब अधिक वायरमनच्या दोन चकरा. मेसेजमध्ये यातलं काहीच धरलेलं नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात धोकादायक आहे, फुल केला की तो स्विचच. नाही, नसतो. नेहमीच्या स्मार्ट स्विचमध्ये रिले असतो, टक् आवाज येतो तो त्याचाच, तो खरंच वायर जोडतो आणि तोडतो. डिमर विजेची प्रत्येक लाट कापून कापून पुढे सोडतो, फुलवर कमी कापतो एवढंच, आणि बंद केला तरी बऱ्याच डिमरमधून थोडा करंट झिरपत असतो. म्हणून बंद केलेला बल्ब रात्री अंधारात भुतासारखा मिणमिणताना दिसतो, विशेषतः न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, नसलेल्या बोर्डात. त्यावर उपाय म्हणून दिव्यापाशी बायपास लावतात, तो झिरपणारा करंट बल्बऐवजी स्वतःतून जाऊ देतो, म्हणजे आणखी एक वस्तू. आणि बल्ब बदलताना डिमर बंद केला म्हणून निर्धास्त राहू नका, मेन पाडा.

पंखा तर विसराच. दिव्याचा डिमर पंख्याला लावला की मोटर घूं घूं करते, तापते, आणि डिमर किंवा मोटर दोघांपैकी एक जातो. पंख्याला पंख्याचाच रेग्युलेटर हवा, स्मार्ट हवा असेल तर तसा वेगळा मिळतो, आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या, पंख्याला तर बहुतेकदा रेग्युलेटरही लावायचा नसतो, त्याचा वेग त्याच्या रिमोटनेच. प्लगच्या पॉइंटला डिमर नको, आणि स्मार्ट बल्ब असेल त्या पॉइंटलाही नको, त्या बल्बला पूर्ण वीज हवी असते, तो स्वतःच मंद होतो. जिन्यात वर एक खाली एक असे टू-वे खटके असतात तिथे दोन्हीकडे डिमर लावून चालत नाही, एकीकडे डिमर आणि दुसरीकडे बहुतेकदा त्याच कंपनीचा जोडीदार खटका लागतो. लोडचंही, म्हणजे एकूण किती वॅट झेपतील तेही, बघा, ज्या डिमरवर ६०० वॅट लिहिलंय तो बऱ्याचदा तारेच्या बल्बसाठी ६०० असतो, एलईडीसाठी त्याच्याच खाली १५० लिहिलेलं असतं.

राहिलं, भाव वाढायच्या आत घरभर लावा. भाव वाढतायत ते दिसतंच आहे, त्यावर वाद नाही. पण महागाईत जे लागणारच नाही ते आज स्वस्तात घेणं याला बचत कसं म्हणायचं? बाथरूम, माळा, गॅलरी, जिना, तिथे उजेड एक तर हवा असतो नाही तर नको असतो, तीस टक्के उजेडात माळ्यावरची बॅग कोण शोधतो. आणि या वस्तू साध्या खटक्यासारख्या तीस वर्षं टिकत नाहीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट स्विच-डिमर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, लोकांनी घरभर लावलेल्या वस्तूंची ॲप रातोरात मुकी झाली, पुढे जूनमध्ये काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली तेव्हा गाडं पुन्हा सुरू झालं. मॅटर हे सगळ्या कंपन्यांना चालणारं स्टँडर्डही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलं. त्याच्या सहा महिने आधी ज्यांनी घाईने पूर्ण घर एकाच कंपनीचं करून घेतलं असेल त्यांचं काय झालं असेल विचार करा. एक खोली करा, सहा महिने वापरा, मग पुढची.

डिमर वाईट नाही हो. माझ्या बेडरूममध्ये आहे आणि तो मी काढणार नाही, रात्री दोनला उठल्यावर डोळ्यात सुया न टोचता पाणी पिता येतं, टीव्ही बघताना हॉलमध्येही तेच. पण ते डोळ्यांसाठी, बिलासाठी नाही.

हे सगळं मेव्हण्याला लिहून पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, 'दाजी, मी सहा मागवलेत कालच.' म्हटलं सील फोडू नकोस, आधी वायरमनकडून बोर्डात न्यूट्रल आहे का ते बघून घे, आणि बल्बवरची बारीक अक्षरं वाच.