आठव्या दिवशीचा नळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सौरवादळानंतर वीज कायमची गेलेल्या नागपुरात घडणाऱ्या माझ्या क्रमशः प्रेमकथेवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : नायकाचे मनगटी घड्याळ चालू राहणे अशक्य आहे, आठव्या दिवशीही नळाला पाणी येणे हास्यास्पद आहे, आणि ऐन मे महिन्यात लोक पाण्यासाठी तडफडत असताना प्रेमाचे वर्णन करणे म्हणजे संकटावर गुलाबपाणी शिंपडणे आहे.

घड्याळाबाबत मी आपल्याशी सहमत नाही. अशा वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाते आणि त्यामुळे शेकडो किलोमीटर लांबीच्या तारांमध्ये नको असलेला प्रवाह खेळू लागतो. मनगटावरच्या यंत्रात त्याला तेवढी लांबीच मिळत नाही. सप्टेंबर १८५९ मधील ज्या वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही झाली, त्यात फटका बसला तो तारायंत्रांना. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला, तोही वीजवाहिन्यांमुळेच. माझ्या कथेत मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले आहेत, आणि ते नव्याने बनवणारे कारखानेही विजेवरच चालतात.

नळाच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे मान्य. पेंच आणि कन्हान या नद्यांचे पाणी पंपांशिवाय शहरातल्या टाक्यांत चढत नाही, हे नागपूरकराने विसरणे अक्षम्य आहे.

तिसऱ्या आक्षेपामागे प्रेम हे पोट भरल्यानंतरचे काम आहे, असे गृहीतक दिसते. चौथ्या प्रकरणातील कंदिलाच्या उजेडातले गच्चीवरचे जेवण निव्वळ सजावट होते, हे कबूल करतो (आजकाल कंदील घरात असतो तो शोभेला, आणि रॉकेल कुणाकडेच नसते). पण विहिरीचा प्रसंग आपण पुन्हा वाचावा. नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतील एका वाड्यातल्या विहिरीचा रहाट गंजून बसला आहे, म्हणून नायक कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने पाणी शेंदतो आणि तिसऱ्या बादलीला दोरी तळहातात रुतते. नायिका काही न बोलता जुन्या सुती ओढणीची पट्टी फाडते आणि दोरीला गुंडाळते. त्याच्या हाताला गुंडाळत नाही, कारण पुढची बादली तिला ओढायची आहे. या दोघांत काय सुरू झाले आहे, ते मला याहून वेगळ्या शब्दांत सांगता आले नसते, आणि पाणी नळाने घरात आले असते तर हा प्रसंग घडलाच नसता.

दुसरी गोष्ट अंतराची. आजच्या कथेत दोन माणसांमधला गैरसमज एका मेसेजने मिटतो, त्यामुळे लेखकाला कुणाचा तरी फोन हरवावा लागतो किंवा बॅटरी संपवावी लागते, आणि वाचकाला ती लबाडी लगेच कळते. माझ्या कथेत नायिका आईवडिलांकडे कामठीला निघून गेल्यावर महालातून तिची खुशाली विचारायची, तर पहाटे चारला पायी निघून ऊन चढण्याआधी पोहोचावे लागते आणि परतीसाठी संध्याकाळची वाट पाहावी लागते. ती दुपार तिच्या घरच्यांसमोर, माठातले पाणी मोजून पिताना, त्याला काढावी लागते. माझ्या कादंबरीचा उत्तरार्ध त्या दुपारींचाच आहे.

आठव्या दिवशीचा नळ मी काल काढून टाकला. त्याच्याबरोबर तिचे केस धुण्याचे दृश्यही गेले, आणि ते मला फार आवडत होते.