हातमोजे घाला, बाबा

मिरची भाजण्यासाठी घराबाहेर पडावे लागते, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या कोल्हापुरात तव्यावर थोडे तेल सोडायचे, मिरच्या परतायच्या, लसूण-मीठ घालून खर्डा रगडायचा आणि घरातल्या सर्वांनी ठसकत खिडक्या उघडायच्या, एवढाच या विधीचा विस्तार असतो. त्यामुळे सप्टेंबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला लेकीकडे मुक्कामी असताना ती म्हणाली, "बाबा, उद्या मिरच्या भाजून आणायला बाजारात जाऊ," तेव्हा हिला गॅस परवडेनासा झाला की काय, अशी शंका मला आली.

बाजार दिसण्याआधीच त्याचा वास आला. मोकळ्या पटांगणात लोखंडी जाळीचे आडवे पिंप सोडतीच्या पिंपासारखे गरगर फिरत होते आणि प्रोपेनच्या ज्वाळा भरारा आवाज करीत त्यातल्या वीतभर लांब हिरव्या मिरच्यांना चाटत होत्या. साली फुगत, तडकत, काळ्या पडत आणि त्यांचे पापुद्रे रांगेतल्या लोकांच्या टोप्यांवर येऊन बसत. लोक मात्र डोळे मिटून श्वास भरून घेत होते. आपण मिरच्या जाळतो त्या दृष्ट काढताना, आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे समजतो. न्यू मेक्सिकोने २०२३ मध्ये कायदा करून हिरवी मिरची भाजल्याचा दरवळ हा राज्याचा अधिकृत सुगंध ठरवला आहे. मला तिथे एकदाही ठसका लागला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

विक्रेत्याने सौम्य, मध्यम, तिखट आणि जहाल असे चार प्रकार सांगितले. लेक मध्यम म्हणणार इतक्यात मी मध्ये पडलो. याच राज्यातल्या फाबियान गार्सिया या कृषितज्ज्ञाने १८९४ पासून खपून सौम्य आणि एकसारखी मिरची घडवली, हे आदल्याच रात्री जावईबापूंनी कौतुकाने सांगितले होते, आणि मिरची सौम्य व्हावी म्हणून राबणाऱ्यांच्या मुलखात आपल्याला कसली भीती, असा माझा हिशेब होता. गार्सियांच्याच विद्यापीठात पुढे आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाचा तिखटपणा मोजून तिला २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवले गेले, हा उत्तरार्ध त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितला. आम्ही जहाल मिरचीचे तीस पौंडांचे, म्हणजे साडेतेरा किलोंचे पोते भाजून घेतले. भाजीवालीने कोथिंबिरीबरोबर वर टाकलेल्या चार मिरच्यांवर आठवडा काढणारा माणूस मी!

भाजलेल्या मिरच्या गरमागरमच प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात, म्हणजे वाफेने साल सुटते. ती सोलून, पुड्या करून फ्रीझरमध्ये वर्षाची बेगमी करायची असते. लेक म्हणाली, "बाबा, हातमोजे घाला." हातमोजे घालून खर्डा केल्याचे आमच्या सात पिढ्यांत ऐकिवात नाही, असे सांगून मी बसलो. पहिल्या पन्नास मिरच्यांना काहीच झाले नाही, आणि ते मी दर दहा मिरच्यांमागे सर्वांना ऐकवले. मग नखांच्या मुळाशी कोणीतरी बारीक शेगडी पेटवली. तेवढ्यात कपाळावरून घाम ओघळला आणि मी तो पुसला. कपाळाच्या खालीच डोळे असतात, हे त्या क्षणी लक्षात राहिले नाही.

तिखटातले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, हे मी तिसऱ्यांदा नळाखाली हात धरल्यावर जावईबापू म्हणाले. नाकाला मिरच्या झोंबणे मला परिचित होते, परंतु दहा बोटांना आणि दोन डोळ्यांना एकाच वेळी झोंबल्यास काय म्हणावे, याची तरतूद आपल्या भाषेत नाही. हातांना तेल चोळून झाले, दुधाचा वाडगा झाला, आणि संध्याकाळी मी दह्याच्या पातेल्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसलो होतो. पत्नीने बाजूलाच उरलेल्या मिरच्या हातमोजे घालून सोलता सोलता विचारले, "अहो, कोल्हापूरचं ना तुम्ही?"

या राज्यात जेवायला बसले की "लाल की हिरवी?" असे विचारतात; तो येथला अधिकृत प्रश्नच आहे आणि दोन्ही मिरच्यांची चटणी हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचे असते. सहा वर्षांची नात बराच वेळ माझे डोळे निरखत होती. मग तिने पातेल्यातून माझा एक हात वर काढला, दही निथळू दिले, हिरवट झालेली नखे पाहिली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, आजोबा ख्रिसमस झाले!"