बंदी नको, तक्रारीची खिडकी उचला

१० डिसेंबर २०२५ ला ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावणारा कायदा लागू झाला. तेव्हापासून पुण्या-नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर मला हेच ऐकायला मिळतं, ‘तुमच्याकडे बरं झालं बाई, सरकारनेच कान धरला. आपल्याकडे कधी होणार?’ जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी असाच विचार चालू असल्याचं सांगितलं, आंध्र प्रदेशाने मंत्र्यांचा गट नेमला. म्हणजे आपल्याकडेही वारं त्याच दिशेने आहे.

मला इथल्या कायद्याबद्दल आदर आहे. पण घरचे लोक ज्या गोष्टीचं कौतुक करतात, त्या गोष्टीसाठी नाही.

आधी बंदी आमच्या मेलबर्नच्या घरात कशी दिसली ते सांगते. माझी मुलगी चौदा वर्षांची. इन्स्टाग्रामने तिला तोंडावरून वय ओळखायचा पर्याय दिला होता. फोन समोर धरायचा, मान डावीकडे, मग उजवीकडे, की अंदाज तयार. तिचं खातं गेलं. तिच्याच वर्गातला, मिसरूड फुटलेला एक मुलगा मात्र सोळाच्या वरचा ठरला आणि अजून मजेत आहे. पुण्यातल्या मावसभावंडांशी तिच्या रोज गप्पा व्हायच्या, त्या सगळ्या आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, कारण व्हॉट्सअ‍ॅप या कायद्यात येत नाही. यूट्यूब यादीत आहे, पण खातं न उघडता ते कुणालाही बघता येतं. रोब्लॉक्ससारखे खेळही बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने स्वतःच्या मुलीचा अनुभव सांगितला होता, की ऑनलाइन खेळताना अनोळखी माणसाने तिच्याकडे नको तो फोटो मागितला. ती घटना खेळातली होती, सोशल मीडियावरची नव्हे.

तरी पहिल्या महिन्याभरात ४७ लाख खाती बंद झाल्याचं इथल्या सरकारने सांगितलं. आकडा लहान नाही. दहा-अकरा वर्षांची पोरं तरी मागे सरली असतील आणि मला तेही मोलाचं वाटतं.

पण या कायद्याचा खरा कणा वेगळा आहे. मुलाने नियम मोडला तर मुलाला दंड नाही, आईबापांनाही नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आणि या बंदीच्या दहा वर्षं आधी, २०१५ मध्ये, इथे मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी एक स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. आज ते कार्यालय ई-सेफ्टी म्हणून ओळखलं जातं. कुणी मुलाला ऑनलाइन छळत असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करायची. ४८ तासांत काही हाललं नाही तर ई-सेफ्टीकडे जायचं. तक्रार मूल स्वतः करू शकतं. कार्यालय मजकूर काढायचा आदेश देऊ शकतं आणि तो कंपनीला पाळावा लागतो. माझ्या मुलीला हा क्रम पाठ आहे: आधी स्क्रीनशॉट, मग कंपनी, मग ई-सेफ्टी. शाळेनेच शिकवला.

आता नाशिक. माझ्या भाचीच्या वर्गातल्या, नववीतल्या एका मुलीचा चेहरा कुणीतरी दुसऱ्याच शरीरावर चिकटवला आणि तो फोटो इन्स्टाग्रामवरून वर्गाच्या ग्रुपमध्ये फिरला. घरी काय झालं? तिचा फोन काढून घेतला, क्लास बंद केला, ‘तू फोटो टाकलेच कशाला’ हा प्रश्न आत्या, काकू, आजी सगळ्यांनी विचारून झाला. शाळा म्हणाली, आपसांत मिटवा, बोर्डाचं वर्ष तोंडावर आहे, मुलीचीच बदनामी होईल. पोक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बनवलेला फोटोही मुलांच्या अश्लील चित्रणात मोडतो. अशा गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. पण तिथे कुणी हे बोललंच नाही. फोटो करणारा कोण, याचा शोध सुरू व्हायच्या आधी मुलीची शिक्षा भोगून झाली होती. त्या वर्गातल्या पुढच्या मुलीवर अशी वेळ आली तर ती घरात तोंड उघडेल का? मला नाही वाटत.

या घरात बंदी आणली तर काय होईल याची मला धास्ती वाटते. आज ‘फोटो टाकलास कशाला’ विचारतात, उद्या ‘खातं काढलंसच कशाला’ विचारतील. मूल चोरून वापरेल आणि अडकलं की दुप्पट घाबरेल. धमकी देऊन फोटो नाहीतर पैसे उकळणारे नेमके याच भीतीवर जगतात.

शिवाय आपल्याकडे फोन घराचा असतो. खातं बाबांच्या नावावर, नंबर आईचा, वापरणारा आठवीतला पोरगा. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी वेगळी, बंदिस्त खाती फेब्रुवारी २०२५ पासून भारतात आणली. पण हा पोरगा कंपनीच्या लेखी बेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे, त्याला ते संरक्षण लागूच होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. कल्पना चांगली, पण संमतीचा ओटीपी आईच्या मोबाइलवर येणार आणि त्या वेळी मोबाइल मुलाच्याच हातात असणार. बंदीने काय होतं हेही आपण पाहिलं आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत रील्स आली, पोरं तिकडे गेली.

म्हणून ऑस्ट्रेलियाकडून काही उचलायचंच असेल तर हे ई-सेफ्टीसारखं कार्यालय उचला. आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला-मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. २०२१ च्या नियमांनी नग्न किंवा बनावट फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती मुदत दोन तासांवर आली. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवाही आहे. त्यात फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो हटवतात. नाशिकच्या त्या मुलीच्या आईला यातलं एकही माहीत नव्हतं. माझ्या बहिणीलाही नव्हतं, आणि ती पदवीधर आहे, बँकेत आहे.

अक्षय कुमारने त्याच कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांकडे सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबर तास मागितला होता. तो द्याच. पण त्या तासाला शिक्षकांना फळ्यावर एक नंबर लिहून देता आला पाहिजे, ज्यावर नववीतली मुलगी आईबाबांना न विचारता मराठीत बोलू शकेल, आणि पलीकडच्या माणसाला कंपनीला आदेश द्यायचा अधिकार असेल. ती खिडकी कचेरीच्या वेळेत बंद होऊन चालणार नाही. असे फोटो फिरतात ते शाळा सुटल्यावर, रात्री जेवणं उरकल्यावर, आणि सकाळच्या प्रार्थनेपर्यंत ते सगळ्या वर्गाने पाहिलेले असतात.